तिसऱ्या अंकातला ‘हाय’

११ जाने. १९४४, मंगळवार. सातारा

पहाटे हळदीच्या लॉरीतून आलो. पोत्यांवर बसून, म्हणून अंगभर पिवळा. सौ.नं दार उघडलं आणि म्हणाली, “पुन्हा हळद लागली वाटतं. लग्न कधी लागायचं?”

म्हणजे नाटक शेवटपर्यंत कधी बघणार. पिवळा होऊन आलो की दोनच अंक बघितले, हे तिला पाठ झालंय. सांगलीच्या पेठेतून ती लॉरी रात्री बाराला निघते. ती चुकली तर साताऱ्यातली सकाळची गाडी कोण काढणार? पेट्रोल रेशनवर. माझ्या उतारूंच्या दोन्ही सर्व्हिस गाड्यांना मागं कोळशाची भट्टी, तिच्या गॅसवर इंजिन चालतं. भट्टी तयार व्हायला पाऊण तास, आणि गणपत ड्रायव्हरच्या हातानं ती पेटत नाही, नुसती धुमसते. म्हणून मी उठतो. दुसऱ्या अंकाचा पडदा पडला की पाय आपोआप बाकाखाली चपला शोधायला लागतात.

तिसरा अंक मी जन्मात एकही पाहिलेला नाही. हे फक्त इथं लिहितोय. नाटक लिहिणाऱ्यानं चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

१२ जाने.

मुख्य ते काल लिहायचं राहिलं. नानासाहेबांनी माझं नाटक परत दिलं.

नानासाहेब म्हणजे कंपनीचे मालक. सत्तरीला आले. तरुणपणी नायिकेची कामं करायचे, अजून उपरण्याकडं हात जातो तो पदर सावरल्यासारखा. कंपनीचा मुक्काम सांगलीत आहे, शिमगा झाला की हलणार. मला बिऱ्हाडावर बोलावलं, चहा पाजला, आणि वही पुढं सरकवली.

“बाबूराव, कान चांगले तुमचे. पहिला अंक मला ऐकू येतो. दुसराही येतो. तिसरा नुसता वाचता येतो.”

म्हटलं, म्हणजे कसं?

“पहिल्या अंकात तुमचा म्हातारा म्हणतो, ‘पोरगं रानात हाय.’ तिसऱ्या अंकात लष्कराची तार येते आणि तोच म्हणतो, ‘माझा पुत्र आता कोठे आहे?’ मधल्या काळात शाळेत घातला होता का त्याला?”

दारातला स्वयंपाकी हसला. मीही हसलो. इस्लामपूर मागं पडेपर्यंत हसू टिकलं.

जाताना वर हेही, “आणि तिसरा अंक लिहायचा तर आधी एखादा बघा. तुम्ही नेहमी दुसऱ्यानंतर उठता. मला पडद्याच्या भोकातून दिसतं.”

वीस वर्षांची चोरी एका भोकातून उघडी.

शिमग्याआधी नवा तिसरा अंक नेला तर पुढच्या मुक्कामी नाटक बसवतील. नाही तर नाही. कंपनी तरी किती दिवस उभी राहणार? बोलपटाची थेटरं गावोगाव झाली. ही माझी एकच खेप.

१६ जाने., रविवार

सकाळपासून वही पुढं. एक ओळ नाही.

नानासाहेबांचं खरं आहे, पण अर्धंच. रंगभूमीवर ‘हाय’ म्हणतो कोण? गडी. पाणक्या. तो पडद्याआडून आला की लोक हसायला तयारच असतात, ‘हाय’ म्हटलं की हसतात. मग तार हातात धरून माझा म्हातारा ‘हाय’ म्हणाला तर? पिटातून हशा येईल. म्हणून त्याला ‘आहे’ दिला. रडायचं ते ‘आहे’मध्येच रडतात, निदान मी ऐकलं तेवढ्यात तरी.

आणि माझं स्वतःचं. मी आटपाडीकडचा. बारा वर्षांचा असताना मोटारी धुवायला लागलो तेव्हा ‘हाय’च म्हणत होतो. ‘आहे’ यायला लागलं तेव्हा बाबूचा बाबूराव झालो. ते सहज हाताला लागलेलं नाही. म्हाताऱ्याला दिलं ते माझ्याजवळचं चांगलं म्हणून दिलं.

दुपारी वाचनालयातून तीन नाटकं आणली. नुसते तिसरे अंक वाचले. एके ठिकाणी कंसात ‘स्तब्धता’. किती वेळ स्तब्धता? तेवढ्यात लोक काय करतात? खोकतात? ते कुठं छापतच नाहीत.

२३ जाने., रविवार. सांगली

आज दुपारचा खेळ होता, तीनचा. म्हटलं, लॉरीचं लचांड नाही, गणपतला घेऊन आपल्याच गाडीनं जाऊ. उंब्रजच्या पुढं चढावर गॅस बसला. उतारू उतरले, ढकलायला लागले. एक बाई गाडीतूनच म्हणाली, “आवं, ही गाडी आमी घेऊन जायची का गाडीनं आमाला?” भट्टीचा पंखा फिरवून फिरवून दंड भरून आले.

सांगलीत पोचलो तेव्हा लोक बाहेर पडत होते. डोळे पुसत. पंधरा मिनिटांनी हुकलं.

एका गृहस्थांना विचारलं, “शेवटी काय झालं?” म्हणाले, “फार छान.” त्यांच्या मंडळींना विचारावं तर त्या नाकाला पदर. शेंगदाणेवाल्याला विचारलं, तो रोज तिथंच असतो. म्हणाला, “शेवटाला पडदा पडतो, मालक.”

२९ जाने.

सौ. आपल्या माहेरचं काहीतरी सांगत होती. तिच्या धाकट्या भावाचं सासऱ्याशी वाजलं, तो ताटावरून उठला, मग… एवढ्यात स्टँडवर हॉर्न झाला, मी उठलो. परत येऊन विचारलं, मग काय झालं?

म्हणाली, “आता नाही सांगत. तुम्हाला सगळ्याचे दोनच अंक चालतात.”

हे वाक्य नाटकात घालता येईल. घालायचं धाडस नाही.

६ फेब्रु., रविवार

पुन्हा गेलो, पुन्हा नाही. इस्लामपूरच्या अलीकडं पोलिसांनी गाडी अडवली. चळवळीची पत्रकं शोधत होते. प्रत्येक बोचकं सोडलं. माझ्या पिशवीत वही. फौजदारानं मधूनच एक पान उघडलं.

“हे काय? ‘म्हातारा आत येतो. चोहीकडे पाहतो.’ कोण म्हातारा? कुठं आत येतो?”

म्हटलं, साहेब, नाटक आहे.

“कुणाचं?”

माझंच.

त्यानं वरून खालपर्यंत बघितलं. सदऱ्यावर कोळशाचे डाग होतेच. उभ्या उभ्या सगळा पहिला अंक वाचला. दोनदा हसला. वही परत देताना विचारतो, “पुढं काय होतं?”

तीन तास गेले तिथं. सांगलीला जाण्यात अर्थ उरला नाही. तेवढा एक वाचक मिळाला, तोही पहिल्याच अंकाचा.

१७ फेब्रु., गुरुवार

आज जे झालं ते आधी जसंच्या तसं लिहून ठेवतो.

सकाळी नवाच्या सुमाराला एक म्हातारा स्टँडवर आला. मेढ्याच्या रस्त्यावरच्या वाडीतला, नाव रामा आबा. पायी आला होता. पटका सोडला, आतून तार काढली. पाकीट फोडलेलं नव्हतं.

“साहेब, विंग्रजी वाचाय येतं न्हवं तुमास्नी?”

“येतं. कधी आली?”

“काल तिनिसांजंला. मास्तर गावाला गेल्यात. पोस्टमन म्हनला, आबा, धीर धरा. आन् गेला.”

त्याचा मुलगा शिदा लष्करात. कुठल्या मुलखात ते माहीत नाही. या भागात लष्करातल्या माणसाच्या घरी तार आली म्हणजे काय, हे कुणी कुणाला विचारत नाही. मी पाकीट फाडायला घेतलं तर त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

“समदं नगा वाचू. ह्यात शिदा हाय का न्हाई, येवढंच सांगा.”

फाडलं. एकच ओळ. लीव्ह ग्रँटेड, रीचिंग ट्यूसडे.

आणि वीस वर्षांत या स्टँडवर माझ्या तोंडून जे निघालं नव्हतं ते निघालं.

“हाय! आबा, पोरगा हाय! रजंवर येतोय, मंगळवारी येतोय!”

आजूबाजूला पाचपंचवीस माणसं. एक वकील होते, मराठी शाळेच्या दोन बाई होत्या. कुणीही हसलं नाही.

आबा रडला नाही. खाली बसला. जमिनीकडं बघत बोलला, “सुनंनं बांगड्या फोडाय घेतल्या व्हत्या. म्या म्हनलं, फोडू नगंस पोरी. काढून ठिव. मी वाचून घिऊन येतो, तवर.”

मग लगेच उठला. “मंगळवारी कितीची गाडी?” सांगितलं, आगगाडीचे उतारू घेऊन आमची गाडी सातारा रोडहून साडेचारला येते. चहा सांगितला होता, त्याला थांबला नाही. तार पुन्हा पटक्यात खोवली. येताना आत दडवून आणली होती. जाताना बाहेरून दिसेल अशी.

गाडी सोडायला आज वीस मिनिटं उशीर झाला. उतारूंपैकी कुणी कुरकुरलं नाही.

२० फेब्रु., रविवार

तीन दिवसांत तिसरा अंक झाला. सौ. म्हणाली, “जेवताना उठला नाहीत हे बघितलं मी.”

जुनं सगळं खोडलं. ‘पुत्र’ हा शब्द गेला, म्हाताऱ्याचं दोन पानी भाषण गेलं. आता असं आहे: घर. पाटावर सुनेनं काढून ठेवलेल्या बांगड्या. म्हातारी एका कोपऱ्यात, सून एका कोपऱ्यात. कुणी बोलत नाही. (मीही ‘स्तब्धता’ असंच लिहिलं. दुसरं काय लिहिणार?) म्हातारा दारात येतो. चालून आलाय, धाप लागलीय. दोघींकडं बघतो, बांगड्यांकडं बघतो. आणि म्हणतो, “पोरगा हाय!”

पडदा.

तीनदा मोठ्यानं वाचलं. हे ऐकू येतं.

२२ फेब्रु., मंगळवार

आबा दुपारी बारापासूनच येऊन बसला होता, स्टँडच्या लिंबाखाली. धुतलेलं धोतर. साडेचारची गाडी आली. एकेक उतारू उतरला. शेवटी गणपत उतरला आणि त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली.

आबा म्हणाला, “गाडी चुकली आसंल. लष्कराचं लय कागुद आसत्यात.”

उद्या पुन्हा येतो म्हणाला.

२५ फेब्रु.

रोज येतो. साडेचारची गाडी बघतो, निघतो. आज विचारलं, “तारंत मंगळवार कुठला त्ये लिव्हलंय का?”

पुन्हा वाचली. नाही लिहिलेलं. नुसता मंगळवार.

“मंग म्होरलाबी आसंल,” म्हणाला. मी ‘असेल’ म्हटलं. माझं मलाच ते कागदावरचं वाटलं.

सुनेचं विचारलं. बांगड्या अजून पाटावरच आहेत म्हणे. “मानूस बघितल्याबिगर घालनार न्हाई म्हनली.”

२७ फेब्रु., रविवार. सांगली

आज बिऱ्हाडावर वाचन झालं. लिहिताना टाक दोनदा कागदात रुतला. रागानं.

म्हाताऱ्याचं काम श्रीधरपंत करणार. कंपनीचे मोठे नट, पुण्याकडचे, आवाज तिजोरीच्या दारासारखा. पहिला अंक त्यांनी झकास वाचला. दुसराही. तिसरा आला. बांगड्यांपाशी सगळे गप्प झाले. ती स्तब्धता! केवढी असते ते आज कळलं. नानासाहेबांचा हात उपरण्यावरच राहिला. स्वयंपाकी दारात उभा होता, त्यानं हातातलं पातेलं आवाज न करता खाली ठेवलं.

मग श्रीधरपंत. “पोरगा…” थांबले. कपाळावर हात मारला. “हाय!”

स्वयंपाक्यानं डोळे पुसले. एक नटी उठून आतच गेली. नानासाहेब ओरडले, “पडदा! इथंच! ह्याच्यापुढं एक अक्षर नको!”

मला क्षणभर कळेना काय झालं. मग ओरडलो, “अहो, तो जिवंत आहे!”

“कोण?”

“पोरगा! पोरगा हाय म्हणजे आहे! हयात आहे!”

श्रीधरपंतांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “असं होय? मला वाटलं, ‘हाय रे दैवा’मधला.”

सगळे हसले. त्यांचं चुकलं नाही. आयुष्यभर रंगभूमीवर ‘हाय’ दोनच तऱ्हेचा ऐकलेला, एक गड्याचा आणि एक शोकाचा. इतक्या दुःखाच्या जागी गड्याचा असेल असं त्यांच्या मनात कसं यावं? एकाच शब्दानं माझा शिदा मेला. आणि काय मेला! अंगावर काटा आला, माझ्यासुद्धा.

नानासाहेबांना म्हटलं, नीट म्हणून घेऊ. म्हणाले, “जिवंत आहे म्हणता, तर ‘आहे’ लिहा. म्हणजे घोटाळा नको.”

‘आहे’ लिहिलं तर म्हातारा शाळेत जातो. ‘हाय’ लिहिलं तर पोरगा मरतो. बसा आता.

बाहेर पडताना नानासाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. “बाबूराव, मी सांगतो ऐका. श्रीधरनं वाचलं तसंच ठेवू. चूक झाली, पण सोन्यासारखी झाली. लोक घरी जाईपर्यंत रडतील. पोरगा येतो म्हटल्यावर लोक टोप्या शोधायला लागतात. तसंच ठेवत असाल तर पुढच्या मुक्कामी पहिलं नाटक तुमचं.”

“आणि नसलो ठेवत तर?”

“शनिवारी इथला शेवटचा खेळ. या. तिसरा अंक बसून बघा, आणि मग रंगपटात येऊन सांगा. त्याआधी तुमचं हो घेणार नाही, नाहीही घेणार नाही.”

२९ फेब्रु., मंगळवार

दुसरा मंगळवार. आबा. साडेचारची गाडी. नाही.

त्यानंतर तो उठेना. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो, वही मांडीवर. आबानं विचारलं, “काय लिवताय रोज?”

“नाटक.”

“तमाशावानी?”

“तसंच. पण यात नाच नाही.”

“मंग काय हाय त्यात?”

खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो. म्हटलं, एक म्हातारा आहे, त्याचं पोरगं लष्करात आहे, तार येते. त्यानं वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता उठून जाईल, आणि गेला असता तर ठीकच होतं.

“येतं का त्ये शेवटाला?”

“अजून ठरलं नाही, आबा.”

“कुनी ठरवायचं?”

“मीच.”

म्हातारा हसला. पहिल्यांदा. दात फारसे नाहीत. “मंग येऊ द्या की. तुमच्याच हातात हाय की, वो!”

घरी आलो. सौ.नं विचारलं, आला का त्यांचा मुलगा? नाही म्हटलं. तिनं ताट वाढलं. जेवून झाल्यावर म्हणाली, “मारू नका हो त्याला. नाटकातल्याला.” तिला तिसरा अंक मी वाचून दाखवलेला नाही. बहुतेक स्वतःच वाचला.

१ मार्च

हिशेबी माणूस म्हणून विचार केला. वीस वर्षं गाड्या चालवल्या त्या काय ढकलून? नाटक लागेल. नाव लागेल. एक काल्पनिक पोरगा, त्याला काय रक्त आहे? श्रीधरपंतांचा ‘हाय’ ऐकून मीही हललो होतो की. मग अडतंय कुठं?

लिंबाखाली अडतंय.

आणखी एक, तेही लिहून टाकतो. माझं मन मलाच म्हणतंय की खरा शिदा आला नाही, तर नानासाहेबांचंच खरं ठरेल. हे मनात आल्याची लाज वाटली. खोडत नाही.

२ मार्च, गुरुवार

भट्टीचा पंखा फिरवत होतो. गणपत म्हणाला, “पेटली का वो?” मी म्हटलं, “पेटलीय की.” आणि हात थांबला.

की!

“तुमच्याच हातात हाय की.” आबा परवा बोलला आणि मी अर्थच ऐकला, शब्द ऐकला नाही. कान चांगले म्हणे! ‘पोरगा हाय की!’ हे घ्या. याच्यावर कपाळाला हात मारून दाखवा, श्रीधरपंत. जगातला कुठलाही नट आणा. शोकात कुणी ‘हाय की’ म्हणत नाही. शाळाही नको, मरणही नको. एक अक्षर.

गणपतला म्हणायला लावलं. “पोरगा हाय की!” तो म्हणाला, “कुनाचा?” चार वेळा म्हणायला लावलं. त्याला वाटलं, डोकं फिरलं. गॅस वाया गेला.

ओळ दुरुस्त केली. तिढा सुटला तो लिहिण्यातला. नानासाहेबांचा तसाच आहे, त्यांना मेलेलाच पाहिजे.

आणि दुपारी साडेचारला मी पुन्हा आबाच्या शेजारी. गाडी आली. नाही.

४ मार्च, शनिवार. सांगली. नाटकगृहात, दुसऱ्या अंकानंतर

हस्तपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं. उद्या वहीत चिकटवीन.

सकाळी निघायच्या आधी आबा आला होता. म्हणाला, “आज शनवार. मंगळवार न्हवं. पर आलो.” मी सांगितलं, आज मी नाही, सांगलीला चाललोय, गाडी बघायला गणपत आहे. त्यानं विचारलं, “त्येच का, नाटकाचं?” हो म्हटलं.  पटक्यातली तार नीट केली.

गणपतला बजावलंय, साडेचारच्या गाडीला काही असलं तर हळदीच्या लॉरीवाल्याजवळ चिठ्ठी दे. तो रोज पाचला साताऱ्याहून निघतो आणि पेठेत माल भरायला येतो. म्हणजे चिठ्ठी असली तर आत्ता इथून दोन गल्ल्यांवर आहे. लॉरी बाराला सुटणार. पावणेबारा झालेत. तिसऱ्या अंकाला बसलो तर चिठ्ठी उद्यावर जाते. उठलो तर नानासाहेबांना काही सांगायचा मला हक्क नाही, आणि ते पडद्याच्या भोकातून बघत असणारच.

सौ. निघताना म्हणाली, “पिवळे होऊन येऊ नका.”

आजची दोन अंकांची गोष्ट चांगली आहे. श्रीधरपंत आज वडिलांच्या कामात. पुढं काय होणार याचा अंदाज नाही. असं पहिल्यांदा झालं असं नाही, पण पहिल्यांदाच ते सहन होईना.

पहिली घंटा.

वहीतलं शेवटचं पान फाडून खिशात आणलंय. ‘पोरगा हाय की!’ आणि त्याखाली रेघ. नानासाहेबांपुढं ठेवायचं, की श्रीधरपंतांचा ‘हाय’ घेऊन गुमान पुढच्या मुक्कामाला जायचं? खिशावरून हात फिरवतोय, पान आहे. हाय.

शेजारचे गृहस्थ विचारतात, “काय हो, रडवतात का शेवटी?” म्हटलं, मला माहीत नाही. त्यांना वाटलं, शिष्ट आहे.

दुसरी घंटा.

चपला आज मुद्दाम दारवानाच्या ताब्यात दिल्यात. म्हटलं, खेळ सुटल्याशिवाय देऊ नकोस, मी मागितल्या तरी देऊ नकोस. तो म्हणाला, “व्हय, मालक,” आणि माझ्याकडं असं बघितलं की…

तिसरी. दिवे उतरायला लागले. लिहिलेलं दिसत नाही. पेठेच्या बाजूनं कुठल्यातरी लॉरीचं इंजिन सुरू झालं, ती का दुसरी ते एवढ्यावरून कळत नाही. सवयीनं पाय चपला शोधतायत. बाकाखाली नुसती गार फरशी.